काळ्या खिडकीतले नकार

अमरावतीच्या वसतिगृह कार्यालयात मी स्वतः लिहिलेलं निषेधाचं पत्रक घेऊन भांडायलाच गेलो होतो. मैत्रिणीचा वसतिगृहाचा अर्ज वरच्या कार्यालयात पोहोचला नव्हता आणि त्या दिवशी मुदत संपत होती. कार्यालयाची फाइल मात्र सगळे अर्ज गेले म्हणत होती.

संगणकावरच्या कंत्राटी माणसाने माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घातली. "भाषण मंग दे भाऊ, आधी पाहू दे."

त्याने पर्ल या संगणकी भाषेत लिहिलेली जुनी स्क्रिप्ट उघडली. ती विंडोजला अर्ज पाठवायची आज्ञा देई आणि आलेलं उत्तर फाइलमध्ये लिही. पण अर्ज परत फिरल्याचे नकार त्या उत्तरात धरलेच जात नव्हते. ते पडद्यावर उघडणाऱ्या आज्ञांच्या काळ्या खिडकीत क्षणभर दिसून जात. नकारही फाइलमध्ये यावेत म्हणून त्याने आज्ञेच्या ओळीच्या शेवटी चार-दोन अक्षरं जोडून ती पुन्हा चालवली. नकारांची यादी उतरली, तिसरं नाव मैत्रिणीचं.

"मशीन तं रोज सांगून राह्यलं होतं. मीच आयकलं नाई. स्क्रिप्ट माह्यीच आहे."

त्याने नकारांची कारणं पाहून राहिलेले अर्ज दुरुस्त करून पाठवले, यादी छापली आणि खाली 'चूक माझी' लिहून सही केली.

"कंत्राट जाईन ना तुमचं?" मी विचारलं.

"जाईन बी," म्हणत तो साहेबांच्या खोलीत गेला.

इतकी पत्रकं लिहिली, पण माझी चूक मी एकातही लिहिलेली नाही.