माझं हिंदी आणि करीमभाईची अम्मा

हसा, खुशाल हसा. फक्त शेवटी माझ्याकडे बघू नका, एवढं ऐका. फजित्या मी जन्मभर केल्या, पण ही एक आठवली की अजून हातातला चहा गार होतो.

आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. मी मेहकरला शाळामास्तर. कधीकाळी दोन महिने बऱ्हाणपूरला मामाकडे राहिलो होतो, तेवढ्या भांडवलावर गावभर सांगत सुटलो, आपल्याला हिंदी येतं! म्हणून करीमभाईनं त्याच्या फिरत्या टॉकीजच्या तंबूत माझ्या हाती पत्र्याचा भोंगा दिला. पडद्यावर कुणी हिंदी बोललं की मी भोंग्यातून त्याचं मराठी करायचं. खरं सांगू? लोकांना माझ्याइतकंच कळत होतं. पण भोंगा माझ्याकडे होता ना!

करीमभाई मूळचा रोहिणखेडचा. त्याची म्हातारी अम्मा तिथं तीन महिने खाटेला खिळली होती. पोराचा हा नाचगाण्याचा धंदा तिला मुळीच पसंत नव्हता. ‘तोंड दाखवू नकोस’ म्हणाली होती. आणि हाही हट्टी! ‘तिनं बलावलं तं जाईन,’ म्हणायचा आणि सिनेमाचं मशीन पुसत बसायचा. डोळे मात्र रोज मोटरीच्या रस्त्याकडे.

एके दिवशी सकाळी रोहिणखेडहून येणारी सर्व्हिस मोटर तंबूपाशी थांबली. ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवून मला हाक मारली.

“मास्टर, करीमभाईसे कहना, अम्मा चल बसीं। एक बजे लौटूंगा, उनकी जगह रोक रखता हूं।”

गेला धुरळा उडवत. मी मनातल्या मनात मराठी केलं. चल... बसी... अरे वा! म्हातारी चालायला लागली, बसायला लागली! आणि तिच्यासाठी गाडीत जागासुद्धा धरली!

मी धावतच आत गेलो. “करीमभाई, पेढे काढा! अम्मा चालून-बसून राह्यली! मोटरीनं येऊन राह्यली तुमच्याकडं!”

“काय म्हणता मास्तर! खरंच?”

“माझ्या कानांनी ऐकलं.”

तो माणूस मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला हो! मग उठून त्यानं पहिल्या रांगेत खुर्ची मांडली. तिच्यावर स्वतःची गादी घातली. ती काढून झटकली, पुन्हा घातली. “तिले माहा खेळ दाखवतो आज,” म्हणाला.

एक वाजता रोहिणखेडला परतणारी मोटर खरंच आली. भोंपू वाजवत उभी राहिली. करीमभाई तंबूचे दोर ताणत होता, त्यानं लांबूनच हात हलवला. “सांभाळून आण बे तिले!”

इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हरला ते ऐकू गेलं नाही; हललेला हात बघून त्याला वाटलं, हा येत नाही म्हणतोय. शेवटी बिचारा रिकामी जागा घेऊन निघून गेला.

संध्याकाळ झाली. अम्मा आली नाही. “गाडीचं काही सांगता येते का,” असं स्वतःलाच समजावत करीमभाईनं खेळ सुरू केला. फिल्मची पेटी नवी होती, सिनेमा आम्ही कुणीच पाहिलेला नव्हता. प्रेमाची कथा. नायक परदेशी, नायिका आजारी, तंबूत बायकांच्या बाजूला मुसमुसणं सुरू. नायक धावतपळत घरी येतो. म्हातारा वैद्य त्याच्या खांद्यावर हात ठेवतो.

“बेटा, वह चल बसी।”

मी भोंगा तोंडाला लावला. “ऐका मंडळी! पोरगी चालली, बसली! बरी झाली!”

टाळ्या, शिट्ट्या! आणि इतक्यात पडद्यावर नायिकेच्या तोंडावर पांढरी चादर ओढली गेली.

बायकांतून एक आवाज आला, “काऊन हो मास्तर, चालून-बसून राह्यली तं तिचं तोंड कायले झाकलं?”

तंबू हसून लोळला. नायक ऊर बडवतोय आणि लोक पोट धरताहेत! मी हसलो नाही. ‘चल बसी’ म्हणजे वारली, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. मागं खटका वाजला आणि पडदा काळा झाला. मशीन बंद करून करीमभाई कंदील घेऊन माझ्यासमोर आला.

“मास्तर, डायवर काय म्हणला होता? त्याच्याच शब्दात सांगा.”

लपवणार कसं? भोंगा तोंडाशीच होता, तो खाली घ्यायचंही मला सुचलं नाही.

“अम्मा चल बसीं.”

साऱ्या तंबूला ऐकू गेलं. लोकांना वाटलं, खेळातलंच बोलणं आहे. “वा मास्तर! आत्ता बरोबर सांगतलं!” आणि काय टाळ्या पडल्या म्हणता!

एकच्या मोटरीनं गेला असता तर त्याला तिचं तोंड दिसलं असतं. त्याची वाट बघून दिवस मावळताना दफन उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा ओली माती तेवढी होती.

आठ दिवसांनी त्यानं पुन्हा तंबू उघडला. मी मुकाट्यानं भोंगा उचलायला गेलो, तर त्यानं माझा हात हळूच बाजूला केला.

“राहू द्या मास्तर,” तो म्हणाला. “लोकायले हिंदी समजते.”