धुतलेला स्पंज

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुरुग्रामला ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. फोन रेवाचा, त्याच्या मुलीचा. "आत्या, बाबा..." एवढंच ऐकू आलं आणि लिफ्टचं दार उघडलं. सकाळी फिरून आला, चहा घेतला, खुर्चीत बसला आणि गेला. चौसष्ट वर्षांचा होता. मी मयूर विहारला पोचले तेव्हा ती खुर्ची तशीच होती आणि तिच्यासमोर त्याची माशांची टाकी. टाकीतले सहाही मासे काचेला तोंड लावून उभे होते. त्यांना सकाळचं खायला कोणी घातलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर दादाने ही टाकी आणली. वाळू घातली, झाडं लावली, पाणी भरलं, फिल्टर सुरू केला... आणि मासे आणलेच नाहीत. दीड महिना! रोज पाण्यात अमोनियाचे मोजून थेंब टाकायचा, मग काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन त्यात औषध घालायचा आणि नळी खिडकीशी धरून रंग बघायचा. रंग हिरवा आला की मान हलवायचा, म्हणजे अजून नाही. शेजारचे विचारायचे, "भाईसाहब, मछली कहाँ है?" मी तर सगळ्यांना सांगायचे, आमच्या दादाने पाणी पाळलंय. त्यावर तो न चिडता समजावायचा. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्यानेच मासे मरतात. तो खाणारे जिवाणू आधी फिल्टरच्या स्पंजात बिऱ्हाड करायला हवेत आणि त्यांना घाई चालत नाही. "मंजू, पाहुणे बोलवायच्या आधी घर लागायला नको का?" असं म्हणायचा.

मग एकदाचं नळीतलं पाणी पिवळं राहिलं आणि मासे आले. एवढ्या तपश्चर्येनंतर काहीतरी भव्य येईल असं मला वाटलं होतं. आले ते सहा वाटाणे. केरळच्या नद्यांमधले बुटके पफर, जेमतेम इंचभर, पोट गोल, अंगावर ठिपके आणि दोन डोळे दोन दिशांना फिरणारे. नखरे मात्र जावयाचे! दुकानातलं कोरडं खाद्य तोंडात घेऊन थुंकून टाकत. त्यांना जिवंत गोगलगायी लागत. म्हणून खिडकीत लोणच्याच्या जुन्या बरणीत गोगलगायी वाढू लागल्या आणि वहिनीच्या शाकाहारी फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीमागे गोठवलेल्या अळ्यांचा डबा जाऊन बसला. वहिनी आठवडाभर धुसफुसली. नंतर गोगलगायींसाठी दुधीच्या फोडी तीच उकडून ठेवायला लागली.

माझा मुलगा शिकायला बेंगळुरूला गेला त्या महिन्यात दादा मेट्रोने माझ्याकडे आला. एका हातात छोटी टाकी, दुसऱ्या हातात वहिनीचा स्टीलचा डबा. डब्यात त्याच्या फिल्टरचा अर्धा स्पंज, ओला, तपकिरी, घाणेरडा. मी नाक मुरडलं. तो म्हणाला, "तुला दीड महिना थांबणं जमायचं नाही. हे तयार बिऱ्हाड घे. फक्त नळाखाली कधी धुऊ नकोस. टाकीतलं पाणी बादलीत काढ आणि त्यात हलकाच पिळ." माझे गप्पी मासे त्याच दिवशी पोहायला लागले. डबा मात्र माझ्याकडेच राहिला. वहिनी दर दिवाळीला त्याची आठवण करून द्यायची.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. सुतक फिटल्यावर घर धुऊन काढायचं म्हणून मी पदर खोचला. पडदे झाले, फरशी झाली, माळे झाले. हात थांबले की रडू येत होतं, म्हणून ते थांबूच दिले नाहीत. मग फिल्टर उघडला. स्पंज काळाकुट्ट, बुळबुळीत. तेराव्याला लोक येणार आणि माझ्या भावाच्या टाकीत ही घाण? नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत चोळला, बाल्कनीत कडक उन्हात वाळवला आणि संध्याकाळी परत बसवला. "किती स्वच्छ दिसतंय," वहिनीसुद्धा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मासे काचेपाशी आले नाहीत. वाळूवर पोट टेकून बसले होते, समोरून गोगलगाय गेली तरी हलले नाहीत. एक मेला. रेवाने नळीत पाणी घेतलं. गडद हिरवं.

"आत्या, तू स्पंज धुतलास?"

"अगं, काळा पडला होता."

ती ओरडली नाही. "बाबांचं सगळं त्यातच होतं यार," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. भावाला जाऊन दोन आठवडे झाले नव्हते आणि त्याने मागे ठेवलेलं जिवंत असं जे काही होतं, ते मी माझ्या हाताने घासून टाकलं होतं.

तिने बादल्या भरून अर्धं पाणी बदललं. मी तिथूनच घरी निघाले. माझ्या टाकीतला दादाचा स्पंज बाहेर काढला, कात्रीने निम्मा केला आणि टाकीतल्याच पाण्यात बुडवून त्याच डब्यात घातला. मेट्रोत बसायला जागा मिळाली. डबा मांडीवर घेतला, झाकणावर दोन्ही हात. शेजारच्या बाईंनी विचारलं, "खाना है?" मी हो म्हणाले.

माझा मळका तुकडा त्या पांढऱ्या स्पंजाला चिकटवून बसवला. रेवा रोज पाणी बदलत होती आणि मला नळीचे फोटो पाठवत होती. हिरवा, हिरवा, पोपटी... अकराव्या दिवशी पिवळा. पाच मासे वाचले.

काल रविवारी गेले होते. आता माशांना वहिनीच खायला घालते. तिची चाहूल लागली की पाचही जण काचेपाशी हजर होतात. मी धुतलेला स्पंज शेजारच्याच्या संगतीने पुन्हा तपकिरी झालाय. निघताना वहिनीने तो डबा माझ्या हातात ठेवला. म्हटलं, "अगं, किती वर्षं मागत होतीस. राहू दे की तुझ्याकडे."

"तुझ्या टाकीतला निम्मा कमी झालाय ना," ती म्हणाली.

डबा जड लागला. उघडून पाहिलं, तर तिने स्वयंपाकाच्या कात्रीने मी धुतलेल्या त्या स्पंजाचा अर्धा भाग कापून, टाकीतलं पाणी घालून आत ठेवला होता.