चाळीस सेकंदांचा ठोका

गल्लीत तिला सगळे यीस्टवाली म्हणत. पाव फुगवणाऱ्या त्या बुरशीवर कुणी नऊ वर्षं घालवतं, याचंच लोकांना नवल वाटे. "अजून फुगलं नाही का गं तुझं पीठ?" शेजारीण विचारायची, आणि यीस्टवाली हसून सायकल बाहेर काढायची.

काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. यीस्टच्या पेशी उपाशी ठेवायच्या, मग त्यांना साखर द्यायची, हवा तोडायची आणि अतिनील दिव्याखाली टक लावून बघत बसायचं. साखर पचवताना पेशीतून अंधूक निळा उजेड येतो. तो वाढतो, ओसरतो, पुन्हा वाढतो. लाखो पेशी एकत्र असल्या की साधारण चाळीस सेकंदांचा असा ठोका पडतो, हे जाणकारांना ठाऊक होतं. एकटी पेशीही तोच ठोका धरते, असं शोधनिबंध लिहून म्हणणारी मात्र ही पहिली. त्या निबंधाने तिचं नाव झालं. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, निबंधाचं पहिलं पान मढवून बैठकीत लावलं. त्यातला एकही शब्द त्यांना कळत नव्हता, पण आल्यागेल्याला ते खुर्चीवरून उठून दाखवायचे.

खोट एकाच ठिकाणी होती. साखर पचण्याच्या पायऱ्यांची तिने बारा समीकरणं मांडली होती, आणि संगणकावरचं ते मॉडेल एकट्या पेशीला काही केल्या ठोका देईना. कित्येक महिने देईना. शेवटी तिने एक आकडा जरासा वाढवला, मग आणखी जरासा, आणि सपाट रेघ डुलायला लागली. ओढूनताणून आणलेला आकडा होता, हे तिलाही कळत होतं. पण डोळ्यांसमोर पेशी लुकलुकत असताना मॉडेलचं कोण ऐकतं?

एका मंगळवारी दुपारी पेशी ऊबदार ठेवणारा हीटर बंद पडला. खोली तशी गरमच होती, म्हणून तिने काम तसंच रेटलं. पेशींच्या घोळक्यात ठोका पडत होता, जरा संथ. एकट्या पेशीत काहीच नाही. तिने दहा पेशी पाहिल्या, वीस पाहिल्या. सगळ्या गप्प.

बुधवारी इलेक्ट्रिशियनने हीटर दुरुस्त केला आणि ठोका परत आला. जाता जाता तो म्हणाला, "बाई, हीटर आणि दिवा एकाच लाइनवर कशाला घेतलेत? हीटर चालू-बंद होतो तसा दिवा कमी-जास्त होतो बघा."

तो गेल्यावर तिने एकही पेशी नसलेली काच दिव्याखाली ठेवली, नुसता चमकणारा रंग टाकून. उजेड ओसरला, वाढला, पुन्हा ओसरला. चाळीस सेकंद. अशी कोरी काच ती रोज सकाळी तपासायची, पण हीटर लावण्याआधी. ठोका एकट्या पेशीचा नव्हताच, दिव्याचा होता.

निबंधावर तिच्यासोबत नाव असलेले तिचे सर चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुणाला बोललीस?"

"अजून नाही, सर."

"मग बोलू नकोस. एकटी पेशी ठोका धरत नाही, हे तरी कुठे सिद्ध झालंय?"

"नाही झालं. पण धरते, असं आपण छापलंय."

"नऊ वर्षं, अगं," सर एवढंच म्हणाले. निबंध मागे घेण्याच्या पत्रावर त्यांनी सही केली, पण त्यानंतर ती व्हरांड्यात समोरून आली की ते हातातले कागद वाचू लागत. वर्षअखेर तिची नेमणूक संपली. पुन्हा झाली नाही.

अप्पांना तिने जेवताना सांगितलं.

"म्हणजे पेशी मेल्या का गं?"

"नाही अप्पा, पेशी ठणठणीत आहेत. मीच चुकले."

अप्पा हात धुऊन बैठकीत गेले, खुर्चीवर चढले आणि मढवलेलं पान उतरवून कपाटामागे ठेवलं. भिंतीवर फिका चौकोन तेवढा राहिला.

आता ती यीस्टच्या कारखान्यात आहे. पाकीट फोडायचं, कोमट पाण्यात कालवायचं, फेस आला की तक्त्यावर खूण करायची. दिवसाला दोनशे पाकिटं.

तीन वर्षांनी कुणीतरी दूरच्या प्रयोगशाळेत, कितीतरी नाजूक उपकरणाने, एकट्या पेशीचा ठोका खरोखर पकडला. प्रत्येक पेशीचा आपला वेगळा, चाळीसच सेकंदांचा असं नाही. तिने ते जेवणाच्या सुट्टीत फोनवर वाचलं. तिचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि असण्याचं कारणही नव्हतं.

रविवारी तिने जुनं मॉडेल उघडलं. तो वाढवलेला आकडा पुसावा आणि नव्या मोजमापांवर एकदा चालवून बघावं, असं मनात होतं. सातव्या समीकरणापर्यंत आली आणि अडली. ते आपण कसं मांडलं होतं, काही केल्या आठवेना. कागदावर दोनदा लिहून पाहिलं, दोन्ही वेळा भलतंच आलं. तिने संगणक बंद केला आणि अप्पांच्या गोळीची वेळ झाली म्हणून पाणी आणायला उठली.