रडक्या चेहऱ्यावरची टिकली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जिला माझं सगळं ठाऊक असतं त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, तरी मध्येच थांबेन अशी भीती वाटते — थांबले, तर समजून घेऊन सोडून देऊ नका.

मी खेळांच्या उपक्रमांचं मूल्यमापन करते. एखादी संस्था वस्तीतल्या मुलींना खो-खो शिकवते. त्यातून मुलींचं काही भलं झालं का, हे तपासून अहवाल लिहिते. 'परिणामकारकता' हा आमचा लाडका शब्द. शब्द अवघड असला की काम नीट झाल्यासारखं वाटतं.

लिहायला अडखळणाऱ्या मुलींसाठी मी एक युक्ती काढली होती, आणि तिचा मला — काय लपवायचं — फार अभिमान होता. कागदावर प्रत्येक प्रश्नापुढे दोन चेहरे, एक हसरा, एक रडका. मी प्रश्न वाचायचा, मुलींनी हव्या त्या चेहऱ्यावर टिकली चिकटवायची. नाव लिहायचं नाही. कुणी काय चिकटवलं ते कुणालाही कळणार नाही, असं मी दरवेळी बजावून सांगायचे.

येरवड्यातल्या एका मैदानावर त्या दिवशी मरून रंगाच्या टिकल्यांची पाकिटं संपली. शेवटी बसलेल्या कोमलला मी हिरवं पाकीट दिलं. अकरा वर्षांची, वर्ध्याकडून आलेल्या घरातली, पळण्यात सगळ्यांच्या पुढे. आपण काय करून बसलो, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

कागद गोळा केले. सातवा प्रश्न होता — सरांजवळ सुरक्षित वाटतं का? सगळ्यांच्या टिकल्या हसऱ्या चेहऱ्यावर. एकच रडक्यावर. हिरवी.

समोरून खो-खो शिकवणारे सर चहा घेऊन येत होते. हसतमुख माणूस, सगळी वस्ती त्यांना मानायची. आता विचारावं लागणार, लिहावं लागणार, मग चौकशी, मग सगळे माझ्यावर उलटणार... मी नखाने ती टिकली उचलली आणि हसऱ्या चेहऱ्यावर लावली.

कोमलला वाचवायला केलं, असं म्हणता आलं असतं. पण मग सर गेल्यावर ती परत जागेवर का नाही लावली? तिला बाजूला घेऊन का नाही विचारलं? मी घाबरले होते, ते माझ्यासाठी. मान वर केली तेव्हा कोमल माझ्याकडेच बघत होती.

तीन महिन्यांनी पुन्हा गेले. मी प्रश्न वाचायच्या आतच कोमलने सगळ्या टिकल्या हसऱ्या चेहऱ्यांवर लावून टाकल्या आणि कागद माझ्या हातात दिला. पुढे ती यायचीच बंद झाली. तिच्या घरी जायला दहा मिनिटं लागली असती. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं — 'स्थलांतर'. अहवाल सगळ्यांना आवडला. उपक्रम आता मांजरी गावातही सुरू आहे. तेच सर शिकवतात.

सरांनी नेमकं काय केलं होतं? मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला की अजून मी तो नुसता वाजू देते — मांजरीहून असेल का?

गेल्या महिन्यात मंडईत मटार निवडत होते. शेजारी एक उंच मुलगी येऊन उभी राहिली.

"ताई, तुम्ही त्या टिकल्यांवाल्या ताई ना? येरवड्याला यायच्या?"

आवाजात राग नव्हता. तिला काहीतरी सांगायचं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "तुझी काहीतरी चूक होतेय."

ती बघत राहिली, तेव्हा बघत होती तशीच. मी मटार न घेताच निघाले.

सोमवारी मांजरीच्या मैदानावर जायचं आहे. टिकल्या आणून ठेवल्यात. या वेळी सगळी पाकिटं एकाच रंगाची घेतली — म्हणजे कुठली टिकली कुणाची, हे मलाही कळणार नाही.