साऱ्या गावाचा भाचा

बख्त रवानला आयुष्यात सगळं मिळालं. शत्रू तेवढा मिळाला नाही.

परक्याला यात सुख दिसेल. आमच्या बुनेरच्या पठाणी खोऱ्यात मात्र ज्याच्यावर कुणी दात धरून नाही, त्याला जिरग्यात, म्हणजे गावच्या पंचायतीत, कुणी विचारत नाही. आणि वैर करायला चुलतभाऊ लागतात. त्यांच्याशी बांधावरून भांडायचं, पाटाच्या पाण्यावरून बोलणं टाकायचं. बख्त रवानला चुलतभाऊच नव्हता. त्याचे वडील अल्ला दित्ता पंजाबातून इथल्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले आणि एका म्हाताऱ्याला गुडघेदुखीचं औषध देता देता त्याचे जावई झाले. त्यांची बायको, म्हणजे बख्त रवानची आई ज़रमीना, याच गावची. त्यामुळे बख्त रवानला मामा गावभर, काका एकही नाही.

आम्ही त्याला भाचाच म्हणायचो. दाढी पिकली तरी भाचा. त्याची पश्तो आमच्यापेक्षा चोख, पाहुण्याला जेवू घालण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. तेव्हा लोक म्हणत, "आईवर गेलाय!" टोमॅटोच्या भावात घासाघीस केली की तेच लोक म्हणत, "बोललं बघ कंपाउंडरचं रक्त!"

एकदा पाटाच्या पाण्यावरून जिरगा बसला होता. आईकडून आलेला बख्त रवानचा मक्याचा तुकडा पाटाच्या अगदी शेवटाला, म्हणजे प्रश्न त्याचाच. तो उठून म्हणाला, "माझं म्हणणं असं, की..."

"भाच्या, तू बस," मुहीब गुल म्हणाला. हा ज़रमीनाचा चुलतभाऊ, गावातला वजनदार माणूस. "चहा घे. मामा आहेत ना सगळं बघायला."

बोलला अगदी मायेने. बख्त रवान त्याच्याजवळ गेला आणि एका फटक्यात त्याने मुहीब गुलची पगडी खाली पाडली.

 दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर नातवंडांपर्यंत पुरेल एवढं वैर झालं असतं. मुहीब गुलचे मुलगे उठले. त्याने त्यांना बसवलं, पगडी उचलली, झटकली आणि हसत म्हणाला, "ज़रमीनाने फार लाडावून ठेवलाय याला!"

बख्त रवान तडक घरी गेला. बायकोला त्याने माहेरी धाडलं आणि बंदूक घेऊन भर उन्हात छतावर जाऊन बसला. मी शेजारी, म्हणून शिडी चढून वर गेलो.

"खाली ये रे भाच्या."

"तू मध्ये पडू नकोस. येतीलच ते."

"कोण?"

"मुहीबचे मुलगे! बापाची पगडी पाडलीय मी. न येऊन जातात कुठे?"

चेहरा असा खुललेला, की जणू वरात दारात यायची होती.

आली ती मुहीब गुलची बायको, ताकाचा लोटा घेऊन. खालूनच ओरडली, "भाच्या, उन्हात काय बसलायस? डोकं तापेल! ताक पी."

मामीवर बंदूक रोखता येत नाही आणि मामीच्या ताकाला नाही म्हणता येत नाही. प्यायला बिचारा.

पण हार मानली नाही. वैर मिटवायला आमच्याकडे मेंढा घेऊन वैऱ्याच्या दारी जातात. त्याने विचार केला असावा, की माफी मिळाली तर वैर होतं असं आपोआपच ठरेल. जाडजूड मेंढा घेतला, मुल्लांना आणि मला सोबत नेलं आणि मुहीब गुलच्या दारात मान खाली घालून उभा राहिला.

"माफी कसली?" मुहीब गुलने विचारलं. "भांडण झालंच कुठे?"

"झालं! सगळ्यांनी पाहिलं!"

"घरच्या पोराने पगडी पाडली. पोरं पाडतातच. मेंढा ने परत, ईदला होईल."

दारात जमलेले खो खो हसले. बख्त रवान हसला नाही. हळूच म्हणाला, "मामा, चुलतभावावर वर्षानुवर्षं राग धरता. माझ्यावर एक दिवस तरी धरा."

मुहीब गुलचं हसू ओसरलं.  त्याने मेंढ्याची दोरी बख्त रवानच्या हातात दिली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढंच तर त्याला नको होतं.

गेल्या हिवाळ्यात मुहीब गुल वारला. ज्या घराशी वैर, त्याच्या मयताला जायचं नाही, ही आमची रीत. मुहीब गुलचा वैरी चुलतभाऊ दार लावून घरात बसला आणि गावाने मान हलवून त्याची दखल घेतली. त्या दिवशी आणखी एक दार बंद होतं.

दफन आटोपून मी बख्त रवानकडे गेलो. अंगात धुतलेले कपडे, डोक्यावर टोपी, खांद्यावर शाल अशा तयारीत बाजेवर बसला होता. डोळे सुजलेले.

"मी का आलो नाही, कुणी विचारलं?"

"विचारलं."

तो ताठ झाला. "काय म्हणाले?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण संध्याकाळपर्यंत त्याला कळलंच असतं.

"मुहीबचा थोरला म्हणाला, भाच्याची तब्येत बरी नसेल. घरी जाता जाता बघून जा."

तो बाजेचा सुंभ नखाने उकरायला लागला.

"कबर बुजवली?"

"बुजवली."

"सगळ्यांनी माती दिली?"

"दिली."

त्याने खांद्यावरची शाल काढली आणि मांडीवर घेऊन तिची घडी घालायला लागला. घडी काही नीट बसेना.