बत्तीस गुणांची उमेदवार

असे किस्से कधी जमतात, कळतच नाही बघा! आपण सूरसागर तळ्याच्या काठी चणे खात बसलेल्या असतो. एकीला एक आठवतं, त्यावरून दुसरीला दुसरं, आणि पाण्यावरचं ऊन उतरेपर्यंत गोष्टींचा ढीग होतो. मला तर हल्ली नुसते डोळे मिटले तरी ते दिवस दिसतात. महाराजांची अखेरची वर्षं, आमचा बायकांचा गुरुवारचा क्लब, आणि आमच्यातली वत्सला धारासभेच्या, म्हणजे संस्थानाच्या कायदेमंडळाच्या, निवडणुकीला उभी राहिली होती ते. निवडणूक लढवणं सोपं हो. उभं राहणं कठीण!

वत्सला मुलींच्या शाळेत मास्तरीण. तिच्या वर्गातली सर्वांत हुशार पोर एका सोमवारी आलीच नाही. पुढच्या इयत्तेला आमच्या भागात मुलींची शाळा नव्हती, मग घरी बसवून करायचं काय, म्हणून तिचं लग्न ठरवून टाकलेलं. गुरुवारी वत्सला क्लबात आली आणि म्हणाली, "वरच्या वर्गांची शाळा हवी. मागायला मी धारासभेत जाते."

आम्हाला वाटलं, गंमत करतेय.

*

फॉर्म आणायला मी तिच्याबरोबर कचेरीत गेले. रमणभाई म्हणून एक हेडक्लार्क होते. गुजराती माणूस, फार अदबीचा. फॉर्म काढून दिला आणि म्हणाले, "ल्यो बेन. पण साहेब क्यां? उमेदवारानं जातीनं यावं लागतं."

वत्सला म्हणाली, "उमेदवार समोर उभा आहे."

रमणभाईंनी वाकून तिच्या मागे पाहिलं. मागे आमचा टांगेवाला उभा होता, टांग्यात विसरलेली छत्री द्यायला आलेला.

"आवो आवो, साहेब, बेसो!" रमणभाईंनी लगबगीनं खुर्ची पुढे केली.

आणि तो बसला हो!

*

फॉर्मवर सूचक म्हणून एका मतदाराची सही लागायची. ती मी करायची ठरली. घरी आमच्या ह्यांना विचारलं. हे पेपर वाचत होते. म्हणाले, "कर की सही. फक्त माझं नाव कुठे येता कामा नये."

"अहो, माझ्या सहीत मधे तुमचंच नाव असतं!"

पेपर आणखी वर गेला. मग त्याच्या आडून आवाज आला, "अक्षर बारीक काढ."

*

अनुमोदक होत्या आमच्या रमाकाकू. त्यांनी तर कहरच केला. रमणभाईंनी विचारलं, "पूरं नाव बोला, बेन." काकू म्हणाल्या, "रमा." मग थांबल्या. पुढे नवऱ्याचं नाव, आणि ते काकूंनी जन्मात साधं उच्चारलं नव्हतं. कचेरीतले सगळे कारकून माना वर करून बघायला लागले. काकूंचे कान लाल! मी म्हटलं, "काकू, मी सांगते." तर मला हातानं अडवलं, पदर डोक्यावरून नीट केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"सूरसागरात उतरली सांज, पाण्यात दिवे हजार,
गोविंदरावांचं नाव घेते, वत्सला आमची उमेदवार!"

रमणभाईंनी अख्खा उखाणा रजिस्टरात उतरवून घेतला. खाली लिहिलं, 'रूबरू सांगितले.'

*

त्या दिवसांत आम्ही जागेपणीच स्वप्नं बघत होतो. संध्याकाळी वत्सलेच्या गच्चीवर बसायचं, वाळत घातलेल्या पातळांच्या पलीकडे आभाळ गुलाबी व्हायचं, आणि वत्सला काल्पनिक धारासभेपुढे भाषण करायची. आम्ही सभासद! एक बाई तर डोळे मिटून म्हणायची, "मला बाकं दिसतायत गं. लाकडाचा वासही येतोय." खरं सांगते, मलाही यायचा.

वत्सलेच्या सासूबाईंचा मात्र आम्हाला भारी धाक. त्यांना सगळे जिजी म्हणायचे. वर कधी आल्या नाहीत, बरं-वाईट काही बोलल्या नाहीत. खाली बसून आपल्या तांदूळ निवडायच्या. एकदा भाषण संपलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि जिन्यातून जिजींचा आवाज आला.

आमच्या तोंडचं पाणी पळालं. आता संपलं सगळं!

"आवाज पडतोय," जिजी म्हणाल्या. "मागच्या बाकापर्यंत जायचा नाही."

*

एवढं होऊन फॉर्म अडला तो एका रकान्यापाशी. वय.

उमेदवाराला पंचविसावं पूर्ण हवं. वत्सलेनं सगळा फॉर्म सुंदर अक्षरात भरला आणि तेवढी जागा कोरी ठेवली. मी म्हटलं, "अगं, लिही ना!" तर रडायलाच लागली. तिला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"कुमुद, मी सत्तावीसची आहे. पण सासरी चोवीसची आहे."

भानगड अशी होती. शिकण्याच्या नादात वत्सलेचं लग्न लांबलं. एकोणिसाव्या वर्षी स्थळ आलं, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, जोशीबुवांकडून नवी पत्रिका करून घेतली, तीन वर्षं कमी करून. छत्तीसांतले बत्तीस गुण जुळले! वडील महाराजांच्या फौजेतले, शब्दाचे पक्के, आयुष्यात खोटं बोलले ते तेवढंच. शाळेच्या दाखल्यावर खरं वय होतं, पण तो दाखला वत्सलेनं आठ वर्षं ट्रंकेच्या तळाशी दडवलेला.

"खरं लिहिलं तर दादा जिजींपुढे खोटे पडतात," ती म्हणाली. "नाही लिहिलं तर फॉर्म बाद."

आम्ही दोघी टांगा करून हरणीला गेलो, तिच्या माहेरी. दादा अंगणात तुळशीला पाणी घालत होते. सगळं ऐकून घेतलं. हातातला तांब्या खाली ठेवायचंसुद्धा त्यांना सुचेना, पाणी आपलं पायावर सांडतंय.

"खरं लिही," म्हणाले. "तुझ्या सासूबाईंपुढे मान खाली घालायला मी येईन."

*

छाननीचा दिवस. कचेरी गच्च भरलेली. दादा फेटा बांधून दाराशी उभे, आत यायला तयार नाहीत. आणि कोणालाच कल्पना नसताना जिजी टांग्यातून उतरल्या. उभ्या जन्मात कचेरीची पायरी न चढलेली बाई! सरळ आत येऊन पुढच्या बाकावर बसल्या. वत्सलेनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

वत्सलेविरुद्ध एक वकीलसाहेब उभे होते. ते उठले आणि कोटाच्या खिशातून पत्रिकेची नक्कल काढली. जोशीबुवांकडून मिळवलेली!

"साहेब, ही बाई चोवीस वर्षांची. शाळेचा दाखला माणसानं लिहिलेला, चुकू शकतो. पत्रिका म्हणजे ग्रहताऱ्यांची साक्ष आहे!"

ऑफिसरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एका हातात दाखला, दुसऱ्या हातात पत्रिका. दाराशी दादांची मान खाली गेली. मला वाटलं, झालं. शाळा गेली, वत्सलेची अब्रूही गेली.

जिजी उठल्या.

"साहेब, मी हिची सासू. ही पत्रिका खोटी आहे."



"तुम्हाला कसं ठाऊक, माँजी?" ऑफिसरनं विचारलं.

"ही पत्रिका घेऊन आलेल्या गृहस्थांना भर थंडीत घाम फुटला होता. मी तेव्हाच ओळखलं. आमचे यजमानही मुलाची पत्रिका घेऊन गेले, तेव्हा असेच घामाघूम झाले होते."

"म्हणजे?"

"म्हणजे मुलगा सत्तावीसचा होता. आम्ही तेवीसचा केला. जोशीबुवा तेच!"

रमणभाईंच्या हातातली लेखणी खाली पडली. वत्सला आ वासून सासूकडे बघत राहिली. आठ वर्षं, हो! आठ वर्षं दोघी एकाच चुलीशी बसल्या होत्या!

जिजी वकीलसाहेबांकडे वळल्या. "तुमच्या लग्नात पत्रिका कोणी केली होती हो? जोशीबुवांनीच ना? मग एकदा तुमचंही वय तपासून घेऊ या."

वकीलसाहेबांनी पत्रिकेची गुंडाळी केली, खिशात घातली आणि म्हणाले, "हरकत मागे घेतो."

ऑफिसरनं फॉर्मवर शिक्का मारला. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

जिजी तडक दाराकडे निघाल्या. दादा तसेच उभे होते, मान खाली घालून, डोळे भरून आलेले. जिजी त्यांच्यापुढे थांबल्या, डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाल्या,

"व्याहीबुवा, तेव्हा बत्तीसच जुळले होते. चार राहिले होते, ते आज जुळले. घरी चला, चहा घेऊ."