नऊ सकाळी, नऊ संध्याकाळी

गोळ्या मी चोरल्या नव्हत्या. तेव्हाही बोंबलून सांगितलं, कुणी विश्वास ठेवला नाही. चौथी शिकलेल्या मावशीचं कोण ऐकतंय! आज तुम्ही सगळ्या चहा टाकून ऐकायला बसता. तेव्हा कुठं होता गं?

असू द्या. करोनात लातूरच्या एका कोविड सेंटरात मी मावशी होते. झाडणं, पुसणं, पेशंटची खाटेखालची भांडी काढणं, गेटवर आलेले घरचे डबे खाटेपर्यंत पोचवणं. तिथं किस्से कचऱ्यासारखे रोज साचायचे. कचरा रोज टाकला, किस्से तेवढे राहिले. चोरीचंही सांगते, पण आधी त्या गोळ्या काय चीज होत्या ते ऐका.

*

करोनाची ती अँटीव्हायरल गोळी. पहिल्या दिवशी सकाळी नऊ, संध्याकाळी नऊ! देगलूरचे एक आडत व्यापारी ॲडमिट झाले. सिस्टरनं त्यांच्या तळहातावर नऊ गोळ्या ठेवल्या. त्यांनी एकदा गोळ्यांकडं बघितलं, एकदा माझ्या हातातल्या प्लेटकडं.

"मावशी, पोहे वापस न्या. आधी हे पोटात मावू द्या!"

*

उदगीरच्या एका गुरुजींची तर वेगळीच तऱ्हा. शेजारच्या खाटेला ते महागडं इंजेक्शन लागलं, यांना नाही. झालं! आहेरात डावललेल्या जावयासारखं तोंड फिरवून बसले.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा ऑक्सिजन चांगला आहे. तुम्हाला गरज नाही."

"आन् ह्यांना हाय?"

"त्यांची तब्येत बिघडलीय."

गुरुजींनी जरा विचार केला. "मग मॅडम, माझी कितपत बिघडाया पाहिजे?"

*

निलंग्याचा एक जण बरा होऊन निघाला, तर गेटवर भांडण. बायको म्हणे माझ्या काढ्यानं. भाऊ म्हणे, "हट्! गोळ्यानं!" सासू म्हणे, महादेवाला अभिषेक बोलले होते. शेवटी मॅडमला विचारलं.

मॅडम सरळ बाई. म्हणाल्या, "बहुतेक माणसं आपोआपच बरी होतात. काही औषधं वेळेत, योग्य माणसाला दिली तर उपयोगी पडतात. पण या गोळीनं किती फरक पडला, ते मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत."

तिघांचीही तोंडं पडली. मी म्हणलं, "आणि बारा दिवस याचं भांडं कुणी काढलं? त्या बाईचं नाव कुणीच घेईना!"

*

मग करोना मलाही झाला. म्हणलं, मॅडम, त्या नऊ गोळ्या मलापण द्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला नकोत. तापाची गोळी घ्या, पाणी प्या आणि झोपून राहा."

लग्न झाल्यापासून मला झोपून राहा म्हणणारं हे पहिलं माणूस!

*

आता चोरी.

शिरूर अनंतपाळच्या गौराबाई आजी. सत्तरीच्या, ऐकायला कमी. लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. संसर्गाच्या भीतीनं पुढंपुढं सिस्टर गोळ्यांची स्ट्रिप खाटेजवळ ठेवून जायच्या आणि रिकामी झाली की परत मागायच्या. आजींच्या स्ट्रिपाच सापडेनात. विचारलं की आजी नुसती मान हलवायच्या.

इन्चार्ज सिस्टरनं सगळ्यांसमोर मला धरलं. "खाटेजवळ तुझ्याशिवाय कोण जातं? बाहेर विकल्यास ना? उद्यापासून येऊ नको!"

पिशवी उलटी केली. तंबाखूची डबी निघाली, गोळी नाही. तरी विश्वास नाही, हरवलेल्या गोळ्यांचा कागद लिहायला घेतला. त्या पगारावर माझ्या दोन पोरींची शाळा चालली होती. पण रडले नाही. गेटवर ठाण मांडलं. म्हणलं, मॅडम आल्याशिवाय हलत नसते.

तेवढ्यात आजींचा मुलगा डबा घेऊन आला. खिशातून चार स्ट्रिपा काढल्या, एकूण एक भरलेल्या.

"मावशी, आई रोज डब्यात ह्या गोळ्या धाडायलीय. आम्ही जेवणाआधी घ्यायच्या का नंतर?"

धुतलेले डबे आजींकडून घेऊन रोज मीच गेटवर आणून देत होते. म्हणजे माल माझ्याच हातानं बाहेर गेला होता, झाकण लावून!

मी असा आवाज काढला की मॅडम आणि सिस्टर दोघी धावत आल्या. "एकही खाऊ नका!" मॅडमनं त्याला दटावलं आणि आत जाऊन आजींच्या कानाशी ओरडल्या, "गोळ्या घरी का पाठवल्या?"

आजी शांतपणे म्हणाल्या, "घरून भरला डबा येतो, बाई. रिकामा कसा वापस लावू? हितं साखर न्हाई, ज्वारी न्हाई. हाताशी ह्याच व्हत्या."

सिस्टर पुटपुटल्या, "आजी गोळ्या न खाताच बऱ्या झाल्या की!"

"एका आजीवरून औषध ठरत नसतं," मॅडम म्हणाल्या. "आधी तो कागद नीट करा."

कागदावर 'जबाबदार व्यक्ती' म्हणून माझं नाव आधीच लिहिलेलं! म्हणलं, "खोडा." खोडलं. मग सिस्टर आजींचं नाव लिहायला लागल्या, तशा आजी उसळल्या.

"माझं का? मला सासूनं शिकवलं! शेजारणीला रिकामं ताट दिलं म्हणून दिवसभर उपाशी ठेवलं व्हतं तिनं. ती जाऊन, लिंगैक्य होऊन चाळीस वर्सं झाली, पर लिवायचं तर तिचंच लिवा!"

सिस्टरनं मॅडमकडं बघितलं. मॅडमनं मान डोलावली. मी शेजारी उभी राहून एकेक अक्षर लावून वाचलं: लिंगैक्य सुगलाबाई विश्वनाथअप्पा.